मंदाच्या पानावरचा चहा

कावळा येईना.

घाटाच्या भिंतीवर चार-पाच कावळे बसले होते, पण एकाचंही लक्ष आमच्याकडं नव्हतं. खालच्या पायरीवर केळीच्या पानावर भाताचे पिंड मांडलेले. शेजारी दुसऱ्या पानावर भाकरी, भरलं वांगं, शेंगदाण्याची चटणी आणि एका कपात चहा. चहा माझ्या बहिणीनं, अक्कानं घरून थर्मासमधून आणला होता. मंदाला चहा म्हणजे पाकच लागायचा. "बिनसाखरेचा ठेवला तर कावळा काय, चिमणीबी यायची न्हाई," असं म्हणत अक्कानं सकाळी सढळ हातानं साखर ओतली होती.

मंदा माझी बायको. तिला जाऊन दहावा दिवस होता. दुकानात बसून शाळेच्या सदऱ्याला काजं करता करता भिंतीला टेकली, ती तशीच राहिली. मी समोर मशिनवर होतो. म्हटलं, डुलकी लागली असेल, म्हणून हातातली बाही पुरी केली आणि मग हाक मारली.

तर घाटावर आम्ही मोजकीच माणसं होतो. माझी थोरली बहीण गोदाक्का गडहिंग्लजहून आली होती. बायकांनी घाटावर यायचं नसतं असं तिला कोणीतरी सांगितलं, त्यावर तिनं त्या माणसाकडं नुसतं बघितलं आणि ती गाडीत पुढच्या सीटवर बसली. मंदाचा धाकटा भाऊ रघुनाथ होता. माझा मुलगा निशिकांत हैदराबादेहून आला होता, तो विधीला बसलेला. गोटा केलेलं डोकं आणि कमरेला कसंबसं गुंडाळलेलं धोतर. शिंप्याचं पोर आणि त्याला धोतर नेसता येईना, एरवी मी हसलो असतो. शिवाय गुरुजी. त्यांच्या सदऱ्याचा डावा खांदा बोटभर उतरला होता. माझं लक्ष सारखं तिकडंच जात होतं. आयुष्यभर माणसं खांद्यापासून बघायची सवय लागलेली, ती दहाव्याला तरी कुठं सुटते!

"दाजी, बसा जरा," रघुनाथ म्हणाला. "उभं राहून राहून पाय दुखत्याल."

मी बसलो. पाय दुखत नव्हते, ते माझे आहेत असंच वाटत नव्हतं.

खरी गोष्ट सकाळीच बिघडली होती. उठल्याबरोबर मी सवयीनं इन्शुलिन टोचून घेतलं. चार वर्षांपूर्वी गोळ्यांनी भागेनासं झालं तेव्हापासून हे पेन मागं लागलं होतं. मंदा असताना एका हातात पेन आणि दुसऱ्या हातात ताटली, अशीच ती यायची. सुई आधी, पोहे लगेच. त्यामुळं सुईनंतर खायचं असतं हे मला लक्षात ठेवावं लागलं नव्हतं, ताटली समोर यायचीच. त्या दिवशी सुई घेतली आणि स्वयंपाकघराकडं वळलो, तर दारात अक्का.

"कावळा शिवल्याबगर या घरात कुणाच्या तोंडात काय जायचं न्हाई."

"अक्का, मी सुई घेतलीय."

"घेतलीस ते बरंच केलंस की. आज शुगर वाढायला नको."

आता हिला काय समजावणार? सुई रक्तातली साखर खाली ओढते आणि पोटात काही गेलं नाही तर ओढतच राहते, हे सांगायला मी तोंड उघडलं होतं. पण तेवढ्यात गाडी आली, पिंडाचा भात डब्यात भरायचा होता, आणि सगळे म्हणाले तासाभरात परत येऊच. मीही म्हटलं, तासाभराचा तर प्रश्न. घाटावर आलो तर आमच्या आधी दुसऱ्या घरचे विधी चाललेले. गुरुजी एकच. तिथंच तास गेला.

आता माझ्या ओठांना मुंग्या येत होत्या. मला हे ठाऊक होतं. साखर उतरायला लागली की आधी ओठ, मग हात. मग घाम फुटतो आणि मग डोकं कुठंतरी निघून जातं. मंदाला हे माझ्या आधी कळायचं. माझी शिलाई खडूच्या रेघेवरून जराशी सरकली की ती हातातली सुई खाली ठेवायची, कमरेच्या पिशवीतनं खडीसाखर काढायची आणि न बोलता माझ्या तोंडात कोंबायची. गिऱ्हाईक समोर असलं तरी. एकदा एका हेडमास्तरांचं माप घेताना तिनं असंच केलं आणि ते बिचारे वर छताकडं बघत बसले. हे आमचं दुकानातलं होतं, दोघांतलं. नातेवाइकांना ठाऊक होती ती पंगतीतली मंदा. लग्नात माझ्या पानावर जिलबी पडली की ती लांबून ओरडायची, "ओ वाढपी, त्यांना नको!" आणि माझ्या पानातली उचलून स्वतःच्या पानात घ्यायची. सगळी पंगत हसायची.

"इच्छा राहिलीय काहीतरी," गुरुजी म्हणाले. "बोला. ज्यांना जे वाटतं ते मोकळेपणानं बोला."

निशीनं हात जोडले. "आई, मी अण्णांना एकटं टाकणार नाही. हैदराबादला घेऊन जाईन."

कावळ्यांनी ऐकलं असेल, पण हलले नाहीत. मला मनात बरंच वाटलं. हैदराबादला जाऊन मी काय करणार होतो?

रघुनाथ पुढं झाला. "ताई, आईच्या पाटल्यांवरनं मी तुझ्याशी बोलत नव्हतो. चुकलं माझं. पाटल्या तेजस्विनीला देतो, तुझ्या सुनेला. दिल्या म्हणून समज."

एक कावळा भिंतीवरून उडाला. सगळे वर बघायला लागले. तो नदीपलीकडं गेला.

"अक्का," मी म्हणालो, "मला काहीतरी खायला पाहिजे."

माझा आवाज मलाच लांबून आल्यासारखा वाटला. अक्का माझ्याजवळ आली, पाठीवरून हात फिरवला. "कळतंय रं मला. पोटात तुटतंय. थांब जरा, तिला जाऊ दे नीट."

"तसं नाही. मला…" पुढचा शब्द येईना. तोंडाशी होता आणि सापडत नव्हता. सदऱ्याच्या आत घामाचे ओघळ चालले होते. वाऱ्याला गारवा होता, तरी मी भिजून गेलो होतो. हात थरथरत होते.

"रडू दे त्यास्नी," रघुनाथ गुरुजींना म्हणाला. "धा दिवस टिपूस काढलं न्हवतं दाजींनी. आत्ता फुटलाय बांध."

मी रडत नव्हतो. रघुनाथचं बरोबर होतं, दहा दिवस मी रडलो नव्हतो, पण आताही रडत नव्हतो. माझ्या अंगात जे चाललं होतं ते दुःख नव्हतंच. पण त्या माणसांना माझ्याकडं बघून दुसरं काही सुचायचं कारण नव्हतं. बायकोच्या दहाव्याला नवरा घामाघूम होऊन थरथरतोय, बोलता बोलता शब्द विसरतोय. कोणीही म्हणेल, केवढा जीव होता बिचाऱ्याचा! मला आठवतं, मी त्या सगळ्यांच्या तोंडाकडं एकेक करून बघितलं. चार चांगली माणसं, माझीच, आणि त्यांतल्या एकालाही दिसत नव्हतं. इतका एकटा मी त्याआधी कधी नव्हतो. मंदाला उचलून नेलं त्या दिवशीसुद्धा नव्हतो.

तेवढ्यात अक्का उठली. पदर खोचून पानासमोर उभी राहिली आणि कावळ्यांकडं बघत खणखणीत आवाजात म्हणाली, "मंदे! तुझा जीव कशात अडकलाय मला ठावं हाय. ह्या माझ्या भावात अडकलाय. तू न्हाईस तर ह्यो गोड खाईल, तोंडावर ताबा ठेवायचा न्हाई, अशी तुला भीती वाटतीया. तर ऐक. मी गोदा तुला शब्द देते. ह्याच्या जिभंला साखरंचा कण लागू द्यायची न्हाई. आम्ही कुणीच देणार न्हाई. देणार हाय का रं कुणी?"

"नाही," निशी म्हणाला.

"न्हाई, ताई," रघुनाथ म्हणाला.

आणि कावळा आला. भिंतीवरून सरळ खाली, एकदाही न बिचकता. पिंडाला चोच मारली, भात उचलला आणि गेला. त्याच्यामागं दुसरा.

अक्कानं हंबरडा फोडला. रघुनाथनं डोळे पुसले. "हेच होतं बघा तिच्या मनात. अगदी हेच!" निशी पाटावर बसल्या बसल्या हमसून रडत होता.

मी म्हणालो, "साखर."

कोणी वळलं नाही. मी पुन्हा म्हणालो. या वेळी मोठ्यानं म्हणालो असणार, कारण सगळे एकदम गप्प झाले.

"काय म्हणालास?" अक्कानं विचारलं.

"साखर द्या. साखर. लवकर."

अक्काचा चेहरा बघण्यासारखा झाला. कावळा शिवून मिनिट झालं नव्हतं. "मुरली, अरे आत्ता शब्द दिला रे तिला! आत्ताच्या आत्ता तुझी जीभ…" तिनं पानाकडं बोट दाखवलं. "तिच्या पिंडासमोर तरी लाज धर."

"मंदाला बोलवा," मी म्हणालो. हे मी म्हणालो असं मला नंतर निशीनं सांगितलं. "मंदाला बोलवा, तिला कळतं."

रघुनाथनं माझ्या कपाळाला हात लावला. "निशी, हे काय वेगळंच दिसतंय. अंग बघ कसं निथळतंय. शुगर भडकली असंल. आमच्या फॅक्टरीत एकाची भडकली, असाच बरळत होता. औषध कुठंय त्यांचं?"

"गाडीत. पाऊचमध्ये."

"आण पळत."

निशी धोतर सावरत पायऱ्या चढून पळाला. त्याच्या पाठीकडं बघताना मला सगळं दोन-दोन दिसत होतं, दोन निशी दोन गाड्यांकडं पळत होते. पण डोक्याचा कुठलातरी एक कोपरा जागा होता. त्याला समजलं की हा पोरगा आता पेन घेऊन येणार. पेन घेऊन येणार आणि मला टोचणार. साखर आधीच तळाला गेलीय, ती आणखी खाली जाईल. मग मी इथंच, या पायरीवर, मंदाच्या पानाशेजारी आडवा होईन. पोरगं मला वाचवायला पळत होतं आणि तेच पोरगं मला मारणार होतं. ओरडायचं होतं. तोंडातून नुसतं "ओ… ओ…" निघालं.

"झोपा, दाजी, झोपा," रघुनाथनं मला खांद्यांना धरून मागं टेकवलं.

निशी आला. पाऊच उघडून पेन काढलं. "मामा, किती घ्यायचं? आई किती द्यायची काही माहीत नाही."

"जास्तीच घे जरा. बघतोयस ना कसे झालेत."

पेनाची तबकडी फिरवल्याची कटकट मला ऐकू आली. निशीनं माझा सदरा वर केला. आणि मला चहा दिसला.

रघुनाथच्या हातातून मी कसा सुटलो मला सांगता येत नाही. गुडघ्यांवर आणि कोपरांवर सरपटत मी दोन पायऱ्या खाली गेलो. हात पानात पडला, वांगं कुठंतरी उडालं. कप मी दोन्ही हातांनी धरला. अक्का किंचाळली, "अरं, ते तिचं हाय! मेलेल्या माणसाचं हाय ते, मुरली!" मी प्यायलो. गार होता. वर साय धरली होती आणि तिला भाताची शितं चिकटली होती. काही चहा छातीवर सांडला, बाकीचा पोटात गेला. त्यात इतकी साखर होती की तळाशी राहिली होती. ती मी बोटानं चाटली.

मागून निशीनं माझा दंड धरला होता. त्याच्या दुसऱ्या हातात पेन होतं. मी त्या हाताला कप फेकून मारला. नेम चुकला असता तर मी आज हे सांगायला नसतो. पेन घरंगळत पाण्याकडं गेलं.

मग मी तिथंच पडून राहिलो. कोणी जवळ येईना. त्यांना वाटलं, माणूस कामातून गेला. गुरुजी काहीतरी पुटपुटत होते. अक्का लांब बसून कपाळ बडवून घेत होती. "शब्द मोडला. तिच्या पानातलं खाल्लं. आता दोष लागणार, सगळ्या घराला लागणार."

हळूहळू एकाच नदीच्या दोन नद्या दिसायच्या थांबल्या. हात स्थिर झाले. मी उठून बसलो आणि पहिला नीट शब्द बोललो तो असा, "गुरुजी, तुमचा डावा खांदा उतरलाय."

गुरुजींनी दचकून खांद्याकडं बघितलं.

"निशी, पाऊचमध्ये मशीन आहे. रक्त तपास," मी म्हणालो.

त्यानं माझ्या बोटाला टोचलं. पट्टीवर थेंब घेतला. आकडा आला एकोणपन्नास. चहा पोटात जाऊनही एकोणपन्नास. त्याला त्यातलं काही कळेना, म्हणून त्यानं मोबाईलमध्ये शोधलं. वाचता वाचता त्याच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. त्यानं पाण्याच्या कडेला पडलेल्या पेनाकडं बघितलं आणि मग स्वतःच्या हाताकडं.

"अण्णा, मी आत्ता…"

"माहीत आहे."

"मला कोणी कधी सांगितलंच नाही. मला वाटायचं, डायबेटिस म्हणजे साखर जास्त. कमी पण होते?"

"होते. तुझी आई म्हणायची, कशाला पोराच्या जिवाला घोर."

तो माझ्याशेजारी बसला आणि माझ्या भिजलेल्या पाठीवर डोकं टेकलं. त्याचा गोटा मला टोचत होता. गुरुजींनी पिशवीतलं केळं काढून पुढं केलं. "खा. कावळा शिवलाय, आता खायला हरकत नाही. बाकी दोषाबिषाचं काय असेल ते मी बघतो." केळं खाताना मी अक्काकडं बघितलं. तिला काय झालं ते रघुनाथ समजावत होता, आणि ती मान हलवत होती, पण तिच्या डोळ्यांवरून कळत होतं की तिला ते शेवटपर्यंत पटणार नाही. आता अक्का नाही. ती असेपर्यंत आमच्यात हा विषय निघाला की मंदावर माझा किती जीव होता, मी तिच्या पानातलं कसं खाल्लं, हेच ती सांगायची. मी सांगू दिलं.

सामान आवरायला घेतलं. पानं नदीत सोडायची म्हणून रघुनाथनं उचलली, आणि माझं लक्ष त्या रिकाम्या कपाकडं गेलं. त्याचा कान उडाला होता.

आणि तेव्हा मला रडू आलं. दहा दिवस नव्हतं आलं ते. तिच्यासाठी ठेवलेला एवढासा चहा आणि तोही मी पिऊन टाकला. आयुष्यभर माझ्या पानातलं गोड तिनं उचललं, ते माझ्यासाठी. तिच्या कपाला मी कधी हात लावला नव्हता. जाताना तिला चहासुद्धा मिळाला नाही. मी सगळ्यांसमोर मोठ्यानं रडलो आणि कोणाला काय वाटेल याची मला पर्वा नव्हती.

"निशी," मी म्हणालो, "वर टपरी आहे. एक चहा घेऊन ये. साखर जास्त सांग."

"तुम्हाला अजून पाहिजे?"

"मला नको. तिला."

गुरुजी म्हणाले, "आता त्याची गरज नाही. झालंय सगळं."

"तुमचं झालंय."

निशी चहा घेऊन आला. मी तो पायरीवर ठेवला आणि म्हटलं, तुम्ही वर चला, मी येतो. ते वर जाऊन गाडीपाशी थांबले. निशी मात्र चार पायऱ्या वर उभा राहिला.

मी भिंतीकडं बघितलं. एक कावळा होता. मंदाशी मी दहा दिवसांत एक शब्द बोललो नव्हतो. सगळे बोलले होते, मीच नव्हतो. मी म्हणालो, "मंदे, वेळेवर जेवीन. सुईच्या आधी ताट वाढून घेईन. खडीसाखर खिशात ठेवीन. सगळ्या सदऱ्यांना आतून खिसा लावतो."

कावळ्यानं मान वाकडी केली. हलला नाही.

"निशीला सगळं शिकवीन."

चहाची वाफ विरत चालली होती.

"मला एकट्याला जमायचं नाही, मंदे," मी म्हणालो. "तू सांगितल्याबगर मला कळत नाही."

कावळा उडाला. माझ्या डोक्यावरून, नदीवरून, पलीकडच्या उसाकडं. चहावर साय धरली.

"अण्णा," निशी म्हणाला, "चला. तुम्हाला जेवायचंय."

त्यानं माझ्या काखेत हात घातला. पायऱ्या चढताना वरून अक्का ओरडली, "मागं वळून बघू नकोस, मुरली. बघायचं नसतं."

मी बघितलं. कपापाशी कोणी नव्हतं.